दुसऱ्याचा प्रबंध

आमच्या सरांना एक वाक्य अजिबात खपत नसे. ‘हा माझा विषय नाही.’ ज्याच्या तोंडून हे वाक्य निघेल त्याला पुढच्या सोमवारी त्याच विषयावर तासभर बोलावं लागे, आणि तेही त्या विषयाच्या जाणकारांसमोर. विद्यार्थ्यांचं सोडा, विद्यापीठाच्या कचेरीतल्या एका साहेबांनी बेडकांच्या खरेदीच्या कागदावर सही करताना हे वाक्य उच्चारलं, तर सर आनंदानं म्हणाले, “वा! मग सोमवारी या. बेडूक या विषयावर बोला.” साहेब आले नाहीत, पण सही तिथल्या तिथं झाली. त्यानंतर सरांचे कागद त्या कचेरीत कधी अडकले नाहीत.

ही सत्तर सालाच्या आगेमागची गोष्ट. कोल्हापुरात तेव्हा मेंदूवर संशोधन करतो म्हटलं की ऐकणारा जरा मागं सरकून बसे. आमच्या कोडोलीतल्या चुलत्यांनी मला भर पारावर विचारलं होतं, “डोक्याचं शिक्षण घेतोयस म्हणं. मग बेडकं कशाला फाडतोस?” बेडकाचा मज्जातंतू आणि माणसाचा मज्जातंतू एकाच पद्धतीनं काम करतात, असं मी त्यांना समजावून सांगितलं. चुलत्यांनी पंचायतीच्या इमारतीकडं एक नजर टाकली आणि म्हणाले, “ते मला ठावं हाय की. त्याला कॉलेज कशाला पायजे?”

सर वर्षभर परदेशी राहून आलेले. त्या काळी परदेशाहून येणारे लोक टेपरेकॉर्डर, घड्याळं, अत्तरं असलं काहीबाही आणत. सरांनी लोकरीच्या कपड्यांत गुंडाळून एक जुना ऑसिलोस्कोप आणला. विजेची लाट पडद्यावर हिरव्या रेघेसारखी दाखवणारं हे यंत्र. कपडे कसरीनं खाल्ले, यंत्र टिकलं. त्याच्याबरोबर त्यांनी एक वाक्यही आणलं होतं, ते ते कुणालाही ऐकवत. “मेंदूला कुठं माहीत असतं, आपण कुठल्या विभागात येतो ते?”

मेंदूला नसेल, पण आमच्या विभागप्रमुखांना ते पक्कं माहीत होतं. ते बंद गळ्याच्या कोटातले, शुद्ध आणि स्वच्छ गृहस्थ. प्राणिशास्त्र हे सोवळ्यातलं शास्त्र आहे आणि त्याला दुसऱ्या शास्त्राचा हात लागता कामा नये, अशी त्यांची श्रद्धा होती. सरांनी तीन वेगळ्या विभागांतले तीन पीएच.डी.चे विद्यार्थी एकत्र केले तेव्हा प्रमुखांनी त्या उपक्रमाला ‘भेळ’ असं नाव दिलं. जागा दिली ती विभागामागची सायकली ठेवायची पत्र्याची शेड. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये बेडूक आणि संशोधक यांच्यात आधी कोण वाळतो अशी चुरस असे.

तिघांत मी प्राणिशास्त्राचा. दुसरा जिनगोंडा, पदार्थविज्ञानाचा, शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातला, सावकाश बोलणारा, दाराशी चप्पल सरळ रेषेत काढणारा. तिसरी शमीम, मानसशास्त्राची. वडिलांची शहरात फळांची वखार, त्यामुळं भाव करण्यात आणि वाद घालण्यात तिला हार माहीत नव्हती. सर आम्हाला नावानं हाक मारत नसत. मी ‘कोडोली’, जिनगोंडा ‘शिरोळ’, आणि शमीम बुधवार पेठेतली म्हणून ‘बुधवार’. “बुधवार, तू गुरुवारी ये,” असं ते गंभीरपणे सांगत आणि आम्ही हसलो तर का हसलो ते त्यांना कळत नसे.

सरांच्या तालमीचा पहिला नियम असा की पहिलं वर्षभर कुणी आपल्या विषयाला शिवायचं नाही. मला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गात मागच्या बाकावर वीजशास्त्र शिकायला बसवलं. त्या वर्गातली पोरं मला आधी तपासायला आलेला साहेब समजली आणि नंतर वारंवार नापास झालेला विद्यार्थी. शमीमच्या हातात सोल्डरिंगची सळई दिली. पहिल्याच दिवशी तिनं ओढणीचं टोक जाळलं, पण दिवाळीपर्यंत आमचा ॲम्प्लिफायर तिनं उभा केला. त्यातून येणाऱ्या आवाजाला ती ‘माझा घरघऱ्या’ म्हणायची.

रोज चार वाजता चहा. चहाच्या वेळी स्वतःच्या कामाबद्दल बोलायला बंदी. शेजाऱ्याचं काम समजावून सांगायचं. मी जिनगोंडाचं गणित सांगतोय आणि जिनगोंडा मध्येच “तसं न्हाई ते” म्हणाला, की त्याचा चहा जप्त. दुसऱ्याला आपलं काम नीट समजत नसेल तर चूक चहाला सांगणाऱ्याची नसून ज्याचं काम त्याची, असा सरांचा न्याय होता. जप्त केलेला चहा ते स्वतः पीत, आणि माझा अंदाज आहे की घरी त्यांनी चहा करणं बंदच केलं असावं.

जिनगोंडाच्या वाट्याला बेडूक आले. त्यानं पहिल्याच दिवशी हात मागं बांधून सांगितलं, “सर, मी बेडूक मारणार न्हाई.”

“मारायला कोण सांगतंय? मारायला कोडोली आहे,” सर म्हणाले. “तू सांभाळ.”

आणि बेडकांच्या खोलीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. कळंब्याच्या तळ्याकडच्या शेतांतून पकडून आणलेले हे बेडूक. त्यांना कसं धरायचं, ओलं कसं ठेवायचं, आपण होऊन खात नसेल त्याला चिमट्यानं कसं भरवायचं, हे सगळं सरांनी त्याला शिकवलं. इतक्या मायेनं बेडूक सांभाळणारा माणूस मी पाहिला नाही. पाणी बदलणं, पोती ओली करणं, ऊन फिरेल तशी टाकी सरकवणं. माझ्या हातात कात्री दिसली की तो बाहेर जाऊन उभा राहायचा आणि काम संपल्यावर आत यायचा.

ते पहिलं वर्ष सरल्यावर मी हाती घेतलेला माझा विषय होता उपासमारीचा मज्जातंतूवर होणारा परिणाम. बेडकांचे दोन गट. एका गटाला मी स्वतः गांडुळं खाऊ घालत असे, दुसऱ्या गटाला काही आठवडे काहीही नाही. मग दोन्ही गटांतल्या बेडकांच्या मांडीतला मज्जातंतू काढून त्यातून संदेश किती वेगानं जातो ते मोजायचं.

“ह्या टाकीतल्यांनी काय केलंय?” जिनगोंडानं एकदा विचारलं होतं.

“काही नाही. ते उपाशी गटातले.”

“कुणी ठरवलं?”

“मी ठरवलं. चिठ्ठ्या टाकून.”

तो पाणी बदलायला गेला. मी त्याचा प्रश्न शास्त्रीय कुतूहलात जमा केला.

निष्कर्ष झकास आले. उपाशी आणि जेवलेल्या बेडकांच्या मज्जातंतूंचा वेग सारखाच. त्याहून नवल म्हणजे उपाशी बेडकांची वजनंसुद्धा उतरली नव्हती. एकदोघांची तर वाढली होती. कुणाही शहाण्या माणसाच्या मनात इथं शंका आली असती. मी संशोधक असल्यामुळं मी त्यावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं, ‘बेडकाच्या शरीरातील काटकसर’. निसर्ग थेंबभर पाण्यावर प्राण कसा तगवतो याबद्दल त्यात अशी काही वाक्यं होती की वाचताना माझाच ऊर भरून येई. सरांनी ते प्रकरण वाचून मान डोलावली आणि दोन स्वल्पविराम काढून टाकले.

तेव्हा वारणानगरच्या कॉलेजात एक जागा निघाली होती. प्रबंध सादर झाल्याचा कागद जूनपर्यंत आणा, लगेच रुजू व्हा, असं त्यांनी मला सांगितलं होतं. घरी वडिलांनी अर्ध्या कोडोलीला कळवून टाकलं होतं की पोरगं प्रोफेसर झालं. वारणानगर कोडोलीला लागूनच, तरी प्रोफेसराला स्वतंत्र खोली हवी म्हणून आईनं तर माझ्यासाठी तिथं भाड्याची खोलीही मनातल्या मनात बघून ठेवली होती, न्हाणीघराचं तोंड पूर्वेला असलेली. त्या जागेशिवाय मला दुसरा आधार नव्हता. फेलोशिप संपली होती आणि वडिलांकडं हात पसरायचं माझं वय राहिलं नव्हतं.

पण सरांचा शेवटचा नियम आडवा आला, आणि तोच त्यांच्या साऱ्या तालमीचा कळस होता. सादर करण्याआधी प्रबंध सगळ्यांसमोर मांडायचा, पण तो ज्याचा त्यानं नाही. दुसऱ्या विषयाच्या जोडीदारानं मांडायचा, प्रश्नांना उत्तरंही त्यानंच द्यायची. ज्याचा प्रबंध आहे त्यानं समोर बसून तोंड मिटून ऐकायचं. माझा प्रबंध जिनगोंडाच्या वाट्याला आला.

“सर, मला शमीमचा द्या की,” तो म्हणाला.

“का?”

त्यानं दाराशी जाऊन सरळच असलेली चप्पल पुन्हा सरळ केली. सरांना वाटलं, पोरगा भ्यालाय. म्हणून त्यांनी त्याला पाठीवर थोपटून माझाच दिला.

सभेला विभागप्रमुख आले, दोन-तीन इतर प्राध्यापक आले. जिनगोंडा फळ्यापाशी उभा राहिला आणि त्यानं माझं काम असं काही मांडलं की मीही थोडा थक्क झालो. माझ्या डोक्यात ज्या गोष्टी धूसर होत्या त्या त्याच्या तोंडून लख्ख येत होत्या. वारणानगरची बस मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. काटकसरीच्या प्रकरणापाशी मात्र त्याचा आवाज बसला. ते त्यानं घाईघाईनं उरकलं आणि खडू खाली ठेवला.

प्रमुखांची झोप नुकतीच झाली होती. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, “म्हणजे उपासमारीचा मज्जातंतूवर काही परिणाम होत नाही, असं तुमचं ठाम मत आहे तर?”

“उपासमारीचं मला म्हाईत न्हाई, सर,” जिनगोंडा म्हणाला.

“म्हणजे?”

“हे बेडूक उपाशी न्हवतं. मी खायला घालत हुतो.”

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याची नखं ऐकू आली. प्रमुख ताठ बसले. “काय घालत होता?”

“खवा.”

“बेडकांना खवा?”

“गांडूळ मला जमलं नसतं,” जिनगोंडा शांतपणे म्हणाला. “चिमट्यानं भरवायचो. सरांनी शिकवलंय तसंच.” मग पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा चढला. “आमची अव्वा, म्हंजे आई, भादव्यात नुसत्या पाण्यावर असती सर, दिवस दिवस. पण तिचा उपास तिनं धरलेला असतोय. ह्यांस्नी कुणी इचारलं न्हवतं.”

मी उठलो होतो. काय बोलणार होतो देव जाणे. सर म्हणाले, “कोडोली, खाली बस. नियम आहे.” मी बसलो. ज्या माणसानं माझं आयुष्य उधळलं त्याच्यासमोर मला नियमानं तोंड मिटून बसावं लागलं. हा नियम काढणाऱ्या डोक्याबद्दल त्या क्षणी मला जे वाटलं ते छापता येणार नाही.

“हीच का तुमची आंतरशाखीय तालीम?” प्रमुखांनी सरांना विचारलं. इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

सर उभे राहिले. “चूक माझी आहे,” ते म्हणाले. “याला बेडूक कसा धरायचा, कसा भरवायचा हे सगळं मी शिकवलं. तो उपाशी का ठेवायचा हे सांगायला विसरलो. सांगितलं असतं तर त्यानं तेव्हाच नकार दिला असता आणि आपली दोन वर्षं वाचली असती. आणि ती काटकसर वाचून मान मीच डोलावली.” मग माझ्याकडं वळून, थट्टेचा लवलेश न ठेवता म्हणाले, “तू काम मात्र फार काटेकोर केलंस. पोटभर जेवलेला बेडूक आणि पोटभर जेवलेला बेडूक यांच्यात काही फरक नसतो, हे जगात इतक्या खात्रीनं कुणी सिद्ध केलं नसेल.”

बाहेर आल्यावर मी जिनगोंडाची कॉलर धरली. “माझी नोकरी घालवलीस तू!”

“व्हय. घालवली,” तो म्हणाला. कॉलर सोडवून घ्यायचाही त्यानं प्रयत्न केला नाही. “खायला घातलं त्येचं मला कायबी वाटत न्हाई. सांगितलं न्हाई, त्येचं वाटतंय. रोज सांगायचं म्हणून यायचो. तू त्या वजनाकडं बघून एवढा खूष असायचास की जीभच रेटायची न्हाई.”

शमीमनं मला ओढून बाजूला नेलं. “भांडायचं तर अंदर जाऊन भांड,” ती म्हणाली, “अंदर तुझ्या प्रबंधाचा सौदा चाललाय.”

सौदाच होता. प्रमुख सरांच्या खोलीत बसले होते आणि दार नीट लागलेलं नव्हतं. सोवळ्यातल्या शास्त्राचे रक्षक सरांना सांगत होते की मुलाचं नुकसान कशाला करता, जाऊ द्या प्रबंध आहे तसा. बाहेरचा परीक्षक काय बेडकाच्या पोटात शिरून बघणार आहे? सभेतलं सभेत राहील. त्या बदल्यात ही भेळ बंद करा, म्हणजे विभागाची शोभा व्हायची थांबेल.

“शेड हवी असेल तर घ्या,” सरांचा आवाज आला. “प्रबंध असा जाणार नाही.”

“मुलाची नोकरी जाईल हो.”

“जाईल,” सर म्हणाले.

दाराबाहेर उभं राहून मी तो शब्द ऐकला. त्यात कठोरपणा नव्हता, हेच मला जास्त लागलं. मला नको असलेलं खरं बोलणारी माणसं एकाच दिवशी दोन भेटली होती आणि त्यातल्या कुणालाही माझ्यासाठी थोडंसं खोटं बोलावंसं वाटलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी एस.टी.नं कोडोलीला गेलो आणि आईला न्हाणीघराचं तोंड कुठल्याही दिशेला नाही हे सांगितलं. गावाला कळवायचं कसं या विचारात वडील सकाळपर्यंत होते.

मी परत गेलो, कारण जायला दुसरी जागा नव्हती. शेड अजून आमचीच होती. प्रमुखांना ती घेऊन तिथं काय ठेवावं हे सुचलं नव्हतं. सगळं काम पहिल्यापासून. जिनगोंडानं आपण होऊन किल्ली परत केली. “माझ्या हातनं हे व्हायचं न्हाई,” तो म्हणाला. सरांनी त्याला एका शब्दानंही गळ घातली नाही. किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि बेडकांच्या खोलीत स्वतःची खुर्ची नेऊन ठेवली. त्यानंतर सर तिथंच वाचत, तिथंच लिहीत. चार वाजता मात्र चहा प्यायला बाहेर येत. उपाशी प्राण्यासमोर खाणंपिणं बरं दिसत नाही म्हणत.

जिनगोंडानं एकाशन धरलं. बेडूक उपाशी आहेत तोवर आपण दिवसातून एकदाच जेवायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, त्याच्या खोलीवरच्या मुलांकडून कळलं. सरांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी मनापासून विचारलं, “कोडोली, शिरोळला कुठल्या गटात धरायचं?” कित्येक आठवड्यांनी मी हसलो. त्या दिवशी चहाला जिनगोंडाशेजारी जाऊन बसलो आणि त्याचं काम सगळ्यांना समजावून सांगितलं. तो मध्ये एकदाही बोलला नाही, आणि माझ्या दोन चुका झाल्या होत्या.

त्याचा स्वतःचा प्रबंध मांडायचं काम माझ्याकडं आलं. प्रमुखांनी खोचून विचारलं, या मुलाच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा कसा? मी म्हणालो, “सर, याच्या आकड्यात खोट असती तर ते यानंच तुम्हाला सांगितलं असतं. माझ्या वेळी सांगितलं तसं.” हे वाक्य माझ्या तोंडून येताना मला बरं वाटलं, याचं मला फार आश्चर्य वाटलं.

आता आंतरविद्याशाखीय हा शब्द फार जोरात आहे. त्याच्या नावानं काचेच्या इमारती उभ्या राहिल्यात, आत प्रत्येक विषयाला वेगळी खोली आणि प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप. उद्घाटनाला मला बोलावतात. नारळ, शाल, भाषण. दुसऱ्याचा प्रबंध मांडायचा नियम मी एकदा अशा ठिकाणी सुचवला, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका विद्वानांनी तो आपला विषय नसल्याचं सांगितलं.

असो. माझं काम पुरं झालं तेव्हा पुढचा पावसाळा आला होता आणि वारणानगरच्या जागेवर दुसरा माणूस केव्हाच रुजू झाला होता. या वेळी बेडूक खरोखर उपाशी होते. त्यांची वजनं उतरली, त्यामुळं काटकसरीचं प्रकरण मी स्वतःच्या हातानं फाडलं. मज्जातंतूंचे आकडे मात्र मी पुन्हा पुन्हा तपासले, शमीमकडून तपासून घेतले, जिनगोंडाकडून घेतले. मग कागद घेऊन सरांकडं गेलो. ते शेडमध्ये एका बुटक्या स्टुलावर बसून ॲम्प्लिफायरची वायर सोलत होते.

“काय आलं?”

“फरक नाही,” मी म्हणालो. “उपासमारीचा मज्जातंतूच्या वेगावर परिणाम होत नाही.”

“बरं.”

“बरं काय, सर? गेल्या वर्षीचंच वाक्य आहे! शब्द न् शब्द तोच!” माझा आवाज चढला, चढू दिला. “तेव्हाच पाठवला असता तर काही बिघडलं नसतं. आज मी नोकरीत असतो. तेव्हाही खरंच होतं ते!”

सरांनी वायर खाली ठेवली. चष्मा काढला. माझं म्हणणं त्यांना मनापासून पटलेलं दिसलं.

“खरं होतं की,” ते म्हणाले. “पण त्यात तुझं काय होतं?”

पाया पडावं की गळा धरावा, हे मला खरोखर ठरवता येईना. सर बुटक्या स्टुलावर होते, दोन्हीसाठी वाकावंच लागणार होतं. मी वाकलो. हात पायांकडं गेले, तेव्हा मला कळलं, काय ठरलं होतं ते.